रोमिंगचा एक रुपयाही नाही

"तुझा विश्वास बसणार नाही," मी भरतला म्हणालो, "पण अकरा दिवस, चार देश आणि रोमिंगचा एक रुपयाही नाही. मिरजेत असा दुसरा माणूस दाखव, मी मिशी काढून देतो."

"काका, तुम्हाला मिशी नाही," पद्मजा म्हणाली.

"तेव्हा होती."

भरत आणि पद्मजा हेरवाडे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पुढच्या आठवड्यात दोघं व्हिएतनामला निघाली होती, आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर. रविवारी सकाळी आपापले फोन घेऊन खाली आली, ते ई-सिम काय असतं हे विचारायला. माझ्या गोष्टींमधलं निम्मं सोडून द्यायचं, असं या बिल्डिंगमध्ये ठरलेलं आहे. कुठलं निम्मं, हे मात्र अजून कुणाला ठरवता आलेलं नाही, म्हणून लोक येतात.

कुमुद, म्हणजे माझी बायको, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं ही गोष्ट चार वर्षांत किती वेळा ऐकली असेल याचा हिशोब नाही.

"हे बघ," मी भरतचा फोन हातात घेतला. "ई-सिम म्हणजे चिमटीत धरता येत नाही असलं सिम. निघायच्या आधी घरच्या वायफायवर तो चौकोनी कोड स्कॅन करून ठेवायचा. तिकडं विमान उतरलं की इंटरनेट त्या सिमवर टाकायचं आणि आपल्या इथल्या सिमचं रोमिंग बंद. व्हॉट्सॲप आपल्या जुन्याच नंबरावर चालत राहतं. त्या सिमवरनं साधा फोन लागत नाही, नुसतं इंटरनेट. पण आता साधा फोन करतो कोण?"

"मग दोघांना दोन घ्यायची का?"

"इथंच लोक फसतात. एकच घ्यायचं."

कुमुदनं शेंगेतून दाणे काढले आणि शेंग बघत राहिली.

"ई-सिम माझ्या फोनमध्ये," मी म्हणालो, "आणि माझ्या फोनचा हॉटस्पॉट तिच्या फोनला. एका खर्चात दोघांचं काम. फक्त तिनं माझ्यापासून वीस पावलांच्या आत चालायचं. लग्नाला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती, पण इतकी जवळ ती कधी चालली नव्हती."

"तुम्ही भराभरा पुढं जायचात," कुमुद म्हणाली. "मग माझा व्हिडिओ अडकायचा."

"आणि काकूंचं इथलं सिम?" भरतनं विचारलं.

"ते मी घरीच काढून ठेवलं. सेफ्टी पिन घातली, बाहेर. चुकून कुठलं बटण दाबलं गेलं आणि रोमिंग चालू झालं तर काय घ्या? जे सिम फोनमध्येच नाही त्याचं बिल कुणाला येत नाही. माझं ठेवावं लागलं, बँकेचे निरोप त्यावर येतात. पण रोमिंग बंद. मी सदतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतो, बाळा. ट्रंक कॉल जोडून द्यायचो. फोनचे पैसे कुठं लागतात आणि कुठं वाचतात, हे मला कुणी शिकवायला नको."

"म्हणजे काही अडचणच आली नाही?"

"आली तर. नाही तर गोष्ट कसली?"

मी खुर्ची जरा पुढं ओढली.

शेवटचा मुक्काम बुडापेस्टला होता आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. दुपारचं जेवण झाल्यावर टूरच्या गाइडनं तीन तास मोकळे सोडले. बाकीची मंडळी खरेदीला गेली. कुमुदला डॅन्यूब नदीच्या काठानं जाणाऱ्या पिवळ्या ट्राममध्ये बसायचं होतं. मी दोन तिकिटं काढली. स्टॉपचं नाव वाचायला घेतलं, तर ते वाचून होईपर्यंत ट्राम आली.

आता आमची एक जुनी पद्धत आहे. एसटी असो, लग्नाची बस असो, कुमुदनं पुढं शिरून जागा धरायची आणि मी मागनं सामान घेऊन यायचं. बेचाळीस वर्षांत यात बदल नाही. ट्रामचं दार उघडलं आणि ती पदर खोचून आत शिरली. ट्राम निम्मी रिकामी होती, जागा धरायची काही गरज नव्हती, पण सवय ती सवय. मी म्हटलं, खिडकीतला तिचा एक फोटो काढावा. दोन पावलं मागं सरलो. घंटी वाजली. दार लागलं.

काचेतून मला कुमुद दिसत होती. खिडकीशी बसली होती, शेजारच्या बाकावर पर्स ठेवली होती आणि हातानं त्या बाकावर थापटून मला सांगत होती, या, जागा आहे.

ट्राम गेली.

"अगं बाई," पद्मजा म्हणाली.

माझ्या हातातल्या फोनवर तेवढ्यात एक ओळ आली. हॉटस्पॉटला जोडलेले फोन: शून्य.

पहिल्यांदा मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, पुढच्या स्टॉपवर उतरेल आणि येईल. मग व्हॉट्सॲपवर फोन लावला. तो वाजेचना. मेसेज टाकला, त्यापुढं एकच राखाडी खूण आली आणि तशीच राहिली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तिचं इंटरनेट तिच्या फोनमध्ये नव्हतं. ते माझ्या खिशात होतं, आणि माझा खिसा स्टॉपवर उभा होता.

दुसरी ट्राम आली, गेली. समोरच्या बाजूनं एक आली. मी प्रत्येक खिडकी बघितली. गोरी माणसं, गोरी माणसं, एक कुत्रं, गोरी माणसं. फोन सारखा वाजत होता. भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी गुलाबाची फुलं पाठवली होती. माझी मेहुणी विचारत होती, फोटो टाका ना. मिरजेत सायंकाळी पावसाची शक्यता आहे, हे मला कळलं. जगातली वाट्टेल ती गोष्ट मला त्या स्टॉपवर कळत होती. एक बाई पुढच्या स्टॉपवर उतरली का पुढं गेली, एवढंच कळत नव्हतं.

मी नाशिकला मंदारला, आमच्या मुलाला, व्हॉट्सॲपवर फोन लावला.

"बाबा, बोला. आईला द्या."

"आई ट्राममधनं गेली."

"कुठं?"

"ते माहीत असतं तर तुला फोन केला असता का? मी खाली राहिलो."

"थांबा, मी आईला लावतो." त्यानं लावून बघितला. "लागत नाहीये."

"लागणार नाही. सिम घरी आहे, तांदळाच्या डब्यावर वाटीत."

"वाटीत का?"

"रोमिंग लागू नये म्हणून."

"मग नेटवर?"

"नेट माझ्याकडे आहे."

"म्हणजे आईकडे फोन आहे, पण त्यावर काहीच चालत नाही?"

"फोटो काढता येतात."

मंदार गप्प झाला. तो गप्प झाला की त्याच्या आजोबांसारखा गप्प होतो, समोरच्याला घाम फुटतो.

"पासपोर्ट आहे तिच्याकडे?"

मी कमरेच्या पाकिटाला हात लावला. "दोन्ही माझ्याकडे. एका जागी असले की हरवत नाहीत."

"पैसे?"

"माझ्याकडे."

"हॉटेलचं कार्ड? पत्ता? काहीतरी?"

"माझ्याकडे."

"ट्रामचं तिकीट तरी?"

मी खिसा बघितला. दोन होती.

"बाबा, आईकडे आहे काय?"

"तिनं जागा धरलीय," मी म्हणालो.

तो म्हणाला, तिथून हलू नका, ती तिथंच परत येईल. मी म्हटलं, आणि ती पुढच्या स्टॉपवर उतरून माझी वाट बघत बसली असेल तर? तो म्हणाला, मग जा. मी म्हटलं, मी तिकडं गेलो आणि तेवढ्यात ती इकडं आली तर? तो म्हणाला, मग हलू नका. मी म्हटलं, अरे, एवढं तर माझं मलाही कळतंय, म्हणून तर तुला लावला. नाशिकमध्ये कुकरची शिट्टी झाली, ती मला बुडापेस्टला स्वच्छ ऐकू आली.

गाइडला व्हॉट्सॲपवर फोन लावून विचारलं. तो म्हणाला, शांत राहा काका, होतं असं, मी अर्ध्या तासात पोचतो. अर्धा तास म्हणजे किती असतो, हे कुणी तिथं उभं राहून बघावं. स्टॉपवर एक पाटी होती, पुढची ट्राम किती मिनिटांनी ते सांगणारी. चार. तीन. दोन. ती एकदाही चुकली नाही. मी एक पाय फलाटावर आणि एक पाय रुळाकडं असा उभा होतो. येणाऱ्या ट्राममध्ये चढावं म्हणून पुढं व्हायचो आणि दार उघडलं की मागं यायचो. एका ड्रायव्हरनं दोनदा माझ्यासाठी दार उघडं धरलं. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"मग रोमिंग चालू करायचं ना, काका," भरत म्हणाला.

"करून उपयोग? मी एक्स्चेंजमध्ये बसलेला माणूस. पलीकडं लाईनच नसेल तर घंटी देऊन फायदा नाही, हे मी सदतीस वर्षं लोकांना सांगितलंय. रडणाऱ्या बायांना सांगितलंय, तावातावानं भांडणाऱ्या वकिलांना सांगितलंय. सिम मिरजेत, वाटीत. त्या नंबरावर पैसे घालवणारा माणूस वेडा म्हणायचा. मी शांत होतो. डोकं चालवत होतो."

कुमुदनं मूठभर सालं उचलून कागदावर टाकली.

"आणि डोकं चाललं," मी म्हणालो.

स्टॉपच्या टोकाला पिवळं जाकीट घातलेली एक बाई उभी होती. ट्रामखात्याची. उंच, खांद्यावर रेडिओ लावलेला. मी तिच्यापाशी गेलो आणि फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये बोललो, माझी बायको ट्राममध्ये राहिलीय, तिला निरोप द्या की तिथेच थांब. फोन हंगेरियनमध्ये बोलला. बाईनं ऐकलं आणि फोनमध्ये उत्तर दिलं. फोन मला म्हणाला, खाजगी निरोप देण्याची परवानगी नाही. फक्त हरवलेल्या प्रवाशाचं नाव पुकारता येईल.

आणि तिथं मला आमचा पीपी कॉल आठवला.

"तो काय असतो?" पद्मजानं विचारलं.

"तुम्ही जन्मला नव्हतात. ट्रंक कॉल दोन तऱ्हेचे असायचे. त्यातला पीपी म्हणजे ठरावीक माणसासाठीचा. मी विचारायचो, अमुक आहेत का? नसले तर कॉल जोडायचा नाही, आणि पूर्ण पैसेही पडायचे नाहीत. मग लोकांनी काय शोधून काढलं? पोरगा मुंबईला पोचला की घरी पीपी कॉल लावायचा आणि नाव सांगायचा, श्रीयुत सुखरूप पोचले. मी इकडं त्याच्या आईला विचारायचो, श्रीयुत सुखरूप पोचले आहेत का? आई म्हणायची, नाहीत हो, आणि फोन ठेवून देवापुढं साखर ठेवायची. निरोप पोचला, खर्च किरकोळ. मला सगळं कळत असायचं. मी कधी कुणाला पकडून दिलं नाही."

"मग?"

"मग काय. बाईनं विचारलं, प्रवाशाचं नाव? मी म्हटलं, सौ. तिथेच थांब."

पद्मजा हसायला लागली.

"हसू नको. तिनं मला तीनदा म्हणायला लावलं. तिथेच हे नाव, थांब हे आडनाव. तिनं रेडिओ तोंडाशी धरला, आणि बघ, त्या शहरातल्या जेवढ्या म्हणून पिवळ्या ट्राम होत्या तेवढ्यांतून एकदम आवाज आला. मिसेस तिथेच थांब. मिसेस तिथेच थांब. नदीच्या या काठाला आणि त्या काठाला. पार्लमेंटच्या घुमटावरची कबुतरं उडाली. सोलापूरचं एक जोडपं पुलावरनं चाललं होतं, ते जागच्या जागी उभं राहिलं. अजून असेल."

"काका, ट्रामच्या आतलं पुलावर कसं ऐकू गेलं?" भरत म्हणाला.

"उन्हाळा होता. खिडक्या उघड्या होत्या."

"बरं. पुढं?"

"पुढं सोपं आहे. ती थांबली म्हटल्यावर मी निघालो. पुढच्या ट्राममध्ये चढलो, शेवटच्या स्टॉपवर उतरलो. कुमुद तिथं बाकावर बसली होती. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, ऐकलं मी. मोजून वीस मिनिटं. मुलाचा फोन व्हॉट्सॲपवर, गाइडचा व्हॉट्सॲपवर, भाषांतर ई-सिमवर. रोमिंगचा एक रुपया नाही. आता सांग, कसं आहे?"

भरतनं बोटांवर हिशोब केला. बँकेत काम करणारा मुलगा, आकड्यांना मान देणारा. मग तो पद्मजाकडं वळला.

"मला पटतंय. एवढं सगळं होऊनही एका ई-सिममध्ये भागलं ना? आपण एकच घेऊ. तुझं सिम काढून इथं ठेवू. मी असेनच की जवळ."

"बघ बाई," पद्मजा म्हणाली. "तू म्हणशील तसं."

भरतनं फोनवर ई-सिमचं पान उघडलं आणि किती दिवसांचं घ्यायचं ते बघायला लागला. मी त्याला पंधरा दिवसांचं दाखवत होतो. कुमुदनं शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि हात पदराला पुसले.

"भरत," ती म्हणाली, "दोन घे."

"पण काकू, तुमचं तर..."

"मी कुठलीही घोषणा ऐकली नाही. त्या ट्राममध्ये एक पोरगी केळं खात होती, तेवढाच काय तो आवाज."

"कुमुद," मी म्हणालो, "कुकर लावायचा नाही का?"

"लावते." ती उठली नाही. "मी पुढच्या स्टॉपवर उतरायला गेले, तर दाराचं बटण दाबावं लागतं हे मला माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या स्टॉपवर कुणीतरी दाबलं, पण तोवर मी पुन्हा जागेवर येऊन बसले होते. शेवटपर्यंत गेले. तिथं सगळ्यांना उतरवलं. मला तिकीट विचारलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे. दुसऱ्या बाजूनं चढून परत आले, तर एक स्टॉप आधीच उतरले. सगळे खांब सारखेच. मग नदी धरून चालत आले. तास झाला, वर दहा मिनिटं."

"एवढा नाही," मी म्हणालो.

"हे होते तिथंच होते. गाइड तेवढ्यात पोचला होता, तो यांच्याशी बोलत होता आणि यांचं लक्ष नव्हतं. मान खाली, दोन्ही अंगठे फोनवर. मी येऊन शेजारी उभी राहिले. गाइडनं मला बघितलं, यांनी नाही. मी म्हटलं, चला. तेव्हा वर बघितलं, फोन खिशात घातला आणि मला काय म्हणाले माहितीय? चांगली जागा मिळाली होती का?"

पद्मजा हसली नाही.

"मी खरंच विचारलं होतं," मी भरतला म्हणालो. "खिडकीची जागा होती."

"फोनवर काय करत होते काका?" भरतनं तिला विचारलं. मला नाही, तिला.

"मला वाटलं, मंदारला काही लिहीत असतील. यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी आलो, मंदार आला होता, त्यानं माझं सिम फोनमध्ये घातलं. फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. मला वाटलं बिघडला. चौऱ्याऐंशी मेसेज. साधे, पैसे पडतात ते. सगळे या माणसाचे. पहिला पाठवला तेव्हा दार लागून दोन मिनिटं झाली होती. दोन. रोमिंग चालू करायला यांना एवढासुद्धा विचार करावा लागला नाही."

"ते आपोआप चालू झालं होतं," मी म्हणालो.

"आपोआप. आणि पुढच्या महिन्यात नऊ हजारांचं बिलही आपोआप आलं. ते यांनी माझ्यापासून लपवलं आणि मंदारनं भरलं."

"वायफळ खर्च झाला, कबूल आहे. पण कुमुद, मुलांना उशीर होतोय."

"सिम कुठं आहे हे जगात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं," कुमुद म्हणाली. ती भरतशीच बोलत होती. "यांनीच ठेवलं होतं. त्या नंबरावर काही पोचत नाही, हे यांच्याइतकं कुणाला कळतं? आधी लिहिलंय, पुढच्या स्टॉपवर उतर. मग, उतरू नको. मग, उतरली असशील तर बस. मग, पाण्याची बाटली माझ्याकडे राहिलीय, कुणाकडं तरी माग. मग, मागायला लाजू नको."

मी ताट जवळ ओढलं आणि पावटे सोलायला घेतले. शेंगा संपल्या होत्या. मी सालं चाळली.

"काकू," पद्मजानं हळूच विचारलं, "आणि शेवटी काय लिहिलं होतं?"

कुमुदनं माझ्या हातातली सालं काढून घेतली.

"शेवटी काही नाही. शेवटचे एकोणीस नुसते 'हॅलो' आहेत."